इंजिनाचें निदान

न्यायशास्त्राचा पहिला पाठ घेणाऱ्या विद्यार्थ्यास जो दृष्टांत प्रथम भेटतो तो धुराचा होय. डोंगरावर धूर दिसतो, तस्मात् तेथें अग्नि असला पाहिजे, हें अनुमान आम्हीं वर्गांत किती वेळां फळ्यावर मांडलें असेल याची गणती नाहीं. मुलें तें पाठ करीत, परीक्षेंत उतरवीत आणि विसरून जात. यांत त्यांचा दोष म्हणावा असें नाहीं. कारण धूर पाहून कारण शोधण्याची गरज मनुष्यास पडावी तेव्हांच त्या पाठाचें मोल कळतें. आम्हांस ती गरज सेवानिवृत्तीनंतर पडली, आणि तीहि एका जुन्या डिझेल गाडीच्या निमित्तानें. यंत्रविद्येंत आमचा अधिकार कांहींच नाहीं. परंतु घरांत एखादें यंत्र बिघडलें म्हणजे त्या बिघाडाबरोबर माणसांचीं मनेंहि कशीं बिघडूं लागतात, आणि शांतपणें केलेल्या परीक्षेनें दोन्ही कशीं ठिकाणावर येतात, हें जवळून पाहिल्यामुळें चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमचें बिऱ्हाड उरणजवळच्या मोरा येथें आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येथें लाँची येतात, आणि भरती-ओहोटीप्रमाणें त्यांचें येणें-जाणें ठरतें. ओहोटीस धक्क्यापाशीं गाळ उघडा पडला कीं लाँच बाहेर खोळंबते. सन २०२४ च्या जानेवारींत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतु खुला झाला व त्याच सुमारास उरणपर्यंत आगगाडीहि आली. तरी मोऱ्याच्या कानाला अद्यापि डिझेल इंजिनाचा ठोका हाच ओळखीचा ठोका आहे. कोळीवाड्यांतील होड्या, धक्क्यावरील लाँची, बंदराकडे जाणाऱ्या मालमोटारी, सर्व त्याच जातीच्या. खाऱ्या वाऱ्यानें लोखंड येथें लौकर गंजतें, हेंहि वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा संबंध येणार आहे.

आमच्या धाकट्या बंधूंनीं बरीच वर्षें वापरलेली एक मोठी डिझेल व्हॅन विकत घेऊन तिचें चालतें-बोलतें बिऱ्हाड बनविलें होतें. मागें दोन झोंपण्याच्या फळ्या, पाण्याची टाकी, स्टोव्हसाठीं कप्पा, खिडक्यांना वहिनींनीं शिवलेले पडदे, आणि पुढें गणपतीची तसबीर. दरवर्षीं घरांतील दहा-बारा माणसें तींत बसून गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनास जात. गाडी कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. जी वस्तु तीस वर्षांवर चालली तिचा एखादा भाग जीर्ण झाला यांत कारखान्याकडे बोट दाखविणें न्यायाचें होणार नाहीं. बंधु निवर्तल्यावर गाडी त्यांच्या मुलाकडे, म्हणजे आमच्या पुतण्याकडे, आली. आणि त्यानंतर वर्षाच्या आंतच ती वाटेंत बंद पडूं लागली.

पुढील हकीकत समजण्यासाठीं डिझेल इंजिन कसें चालतें हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. तेथें दट्ट्या केवळ हवा दाबतो. हवा सुमारें विसाव्या हिश्शांत कोंडली म्हणजे ती इतकी तप्त होते कीं त्या क्षणीं तींत उडविलेली डिझेलची बारीक फवार आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रशास्त्रज्ञानें आउग्सबुर्ग येथें १८९७ सालीं हें इंजिन यशस्वी करून दाखविलें. इंधनांतील उष्णतेपैकीं सुमारें चौथा भाग त्यानें कामीं आणला, आणि त्या काळच्या वाफेच्या यंत्रांस तें साधत नव्हतें. महाराष्ट्रास या यंत्राची ओळख शेतावरच्या पंपामुळें विशेष झाली. पुण्याचा किर्लोस्कर ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ सालचा आहे. फवार उडविणारा पंप व इंजेक्टर हे या यंत्राचे नाजुक अवयव. बंगळुरास १९५१ सालीं निघालेली मायको कंपनी, जिला २००८ पासून बॉश म्हणतात, ती याच वस्तूंसाठीं गॅरेजांतून प्रसिद्ध झाली, आणि तिचा एक मोठा कारखाना आपल्या नाशिकास आहे.

तात्पर्य, जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनास तीनच गोष्टी लागतात : पुरेशी हवा, ती नीट दाबली जाणें, आणि योग्य वेळीं योग्य मापाचें स्वच्छ इंधन. (थंडींत सुरू करतांना हीटर प्लगची थोडी ऊब लागते, ती चौथी.) यांपैकीं काय कमी पडलें हें पुष्कळ वेळां धूरच सांगतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानें इंधन जास्त. हवेची जाळी तुंबलेली असेल, किंवा इंजेक्टर फवार न उडवितां धार सोडीत असेल. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें वंगण तेल जळत आहे. पांढरा धूर दोन प्रकारचा : डोळ्यांस झोंबणारा व डिझेलच्या वासाचा असेल तर इंधन न पेटतां वाफ होऊन बाहेर पडत आहे, वास नसेल आणि रेडिएटरमधील पाणी वरचेवर उतरत असेल तर तें पाणी आंत शिरत आहे. नैयायिक म्हणतात कीं अग्नीपासून धूर होतो तो ओल्या सरपणाच्या योगानें. नुसता तापलेला लोखंडाचा गोळा धुरावांचूनहि असतो. या बारीक भेदालाच ते उपाधि म्हणतात. धुराचा रंग म्हणजे या उपाधीची साक्ष होय, असें आम्हांस वाटतें.

परंतु आमच्या गाडीचा धूर कांहींच सांगत नव्हता. गुहागरहून परततांना कशेडीच्या चढावर ती प्रथम बंद पडली. पुतण्यानें सांगितलेलें लक्षण असें : इंजिन आधीं कमी-जास्त होऊं लागतें, जणूं धाप लागली आहे, मग ताकद जाते, मग बंद. धूर ना काळा, ना पांढरा. दहा-पंधरा मिनिटें थांबून, हातपंप मारून नळींतील हवा काढली कीं पुन्हां सुरू होते. पुढें पनवेलच्या रस्त्यास दोनदां आणि खारपाड्यापाशीं एकदां हाच प्रकार झाला. खारपाड्यास गाडींत आजारी आत्याबाई होत्या, आणि भर वैशाखांत त्यांस तासभर रस्त्याच्या कडेला बसावें लागलें. त्या दिवसापासून घरांतील बोलण्याचा सूर पालटला.

एका गॅरेजवाल्यानें न उघडतांच मत दिलें कीं इंजेक्शन पंप गेला. उतरवून दुरुस्त करण्यास ३५,००० रुपये पडतील. आमच्या मधल्या बंधूंचें मत निराळें होतें. बंदराच्या आसपास चोरटें डिझेल स्वस्त मिळतें असा बोलवा गांवांत असतो. मुलगा तसलें भेसळीचें डिझेल भरून वरचे पैसे खिशांत घालीत असला पाहिजे, असें त्यांनीं मनाशीं धरलें. त्यांच्या अनुमानास आधार नव्हता असें नाहीं. ते म्हणाले, "दादा, त्याच्या बापाच्या हातीं गाडी कधीं अडली नाहीं. याच्या हातीं आली आणि अडूं लागली. आणखी पुरावा तो कोणता?" इतक्यावर न थांबतां त्यांनीं स्वतः उरणच्या पंपावर टाकी कांठोकांठ भरून घेतली आणि गाडी पेणपर्यंत नेऊन आणली. गाडी तिळमात्र अडली नाहीं. मग काय, आरोप सिद्धच झाला! पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्याची आई दोन दिवस स्वयंपाकघराबाहेर फारशी आली नाहीं. गाडी भंगारांत द्यावी असें तिसऱ्या दिवशीं मुलगाच म्हणाला, आणि तें तो गाडीला कंटाळून म्हणत नव्हता हें न समजण्याइतके आम्ही वृद्ध झालों नव्हतों.

आम्हीं तेव्हां एवढेंच सांगितलें कीं, भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वीं आठ दिवस आम्हांस द्यावे. एकत्र कुटुंबांत थोरपणाचा उपयोग क्वचित् होतो. तेवढा त्या दिवशीं झाला.

कोळीवाड्यांत एक वृद्ध गृहस्थ आहेत. लाँचेवरील इंजिनें सांभाळण्यांत त्यांची हयात गेली. त्यांचा नातू आमचा विद्यार्थी. त्यांस आम्हीं बोलावणें धाडलें. ते आले, आणि पहिला तास त्यांनीं कशालाहि पाना लावला नाहीं. टाकीच्या झांकणाचें वायुछिद्र मोकळें आहे ना, हवेची जाळी स्वच्छ आहे ना, एवढें पाहिलें. मग पुतण्यास प्रश्न : थंड असतां बंद पडते कीं तापल्यावर? चढावर कीं सपाटीवर? हळूहळू कीं एकदम? वैद्यानें नाडीला हात लावण्यापूर्वीं रोग्यास बोलतें करावें तसा तो प्रकार होता. नंतर एका लांब लांकडी दांड्याचें टोंक इंजिनावर व दुसरें कानाजवळ धरून ते बराच वेळ ऐकत राहिले.

त्यानंतरची परीक्षा आम्हांस फार मनोरम वाटली. इंजिन मंद चालू ठेवून त्यांनीं एकेका इंजेक्टरच्या नळीची चक्की किंचित् सैल केली व पुन्हां आवळली. ज्या सिलिंडरचें इंधन असें तोडलें तो कामाचा असेल तर इंजिनाचा ठोका लगेच अडखळतो. ठोक्यांत फरकच पडला नाहीं तर समजावें कीं तो सिलिंडर आधींपासूनच काम करीत नव्हता. कारण काढून घेतां कार्य जातें कीं नाहीं हें पाहणें, यालाच शास्त्रांत व्यतिरेक म्हणतात. चारी वेळां ठोका सारखाच अडखळला. पुढें पुतण्यानें गाडी फिरवून आणली. धाप लागली तेव्हां पुन्हां तीच परीक्षा केली आणि चारहि सिलिंडर सारखेच मंदावलेले आढळले. म्हातारबुवा आम्हांस म्हणाले, "मास्तर, चौघंपण सारखेच रडतान. मंग दोष चौघांचा नाय, त्यांना वाढणाऱ्याचा हाय."

वाढणारा म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचा इंधनाचा मार्ग. धूर कां नव्हता याचाहि उलगडा झाला : हवा कमी पडली असती तर काळा धूर आला असता, येथें इंधनच कमी पडत होतें, मग जळून धूर होणार कशाचा? आतां भेसळीचा प्रश्न राहिला. घाण डिझेलानें गाळणी तुंबली तरी हेंच लक्षण दिसतें. म्हणून गाळणी उघडली. टाकीच्या तळचें डिझेल एका कांचेच्या बरणींत काढून रात्रभर ओट्यावर ठेविलें. सकाळीं घरांतील सर्वांनीं ती बरणी पाहिली. तळाशीं पाण्याचा थर नव्हता, गाळ नव्हता. चिमूटभर तांबूस गंजाची भुकटी तेवढी होती. गाळणीहि मोकळी होती. मधले बंधु बरणीकडे बराच वेळ पाहत उभे होते.

दुसऱ्या दिवशीं पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडली. इंजिन चालूं लागतांच नळींतून बारीक बुडबुडे धांवतांना दिसले. म्हणजे इंधनाबरोबर हवा येत होती. कोठून? येथें पुन्हां व्यतिरेक. टाकीचा संबंध तोडून, पंपाहून उंच बांधलेल्या एका स्वच्छ कॅनमधून इंजिनास डिझेल दिलें. बुडबुडे नाहींसे झाले आणि इंजिन तासभर एकसारखें चाललें. पंप निर्दोष ठरला, ३५,००० रुपये वांचले. दोष टाकी व पंप यांच्या दरम्यान कोंडला गेला. परंतु त्या मार्गावरील सगळे सांधे व रबरी नळ्या पाहिल्या तरी चीर सांपडेना.

येथें आम्हीं पुतण्यास विचारलें कीं गाडी किती वेळां अडली व कोणत्या तारखांस, तें आठवतें काय? त्यानें उत्तर न देतां आपल्या खोलींतून एक लहान वही आणून दिली. तींत दरवेळीं भरलेलें डिझेल, लिटर, रक्कम आणि गाडीचे किलोमीटर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, आणि प्रत्येक पानास पंपाची पावती टांचलेली होती. भेसळीच्या आरोपाचा निकाल त्या पावत्यांनींच लावला. पण वही आणखीहि बोलली. टाकी ६० लिटरची. कांटा कित्येक वर्षें बंद. लिटर व किलोमीटर यांचा मेळ घालून आम्हीं अदमासानें कोष्टक मांडलें, तों दिसून आलें कीं गाडी जेव्हां जेव्हां अडली तेव्हां टाकींत निम्म्याहून कमी डिझेल होतें. निम्म्यावर असतांना ती एकदांहि अडली नव्हती.

कोष्टक ऐकतांच म्हातारबुवा हंसले व टाकी उघडा म्हणाले. टाकींत वरून तळापर्यंत एक लोखंडी नळी उतरलेली असते, तिच्यांतून डिझेल ओढलें जातें. ती बाहेर काढली. जवळजवळ मध्यावर गंजानें पडलेलें, सुईच्या अग्राएवढें छिद्र होतें. डिझेल त्या छिद्राच्या वर असेपर्यंत छिद्रांतूनहि डिझेलच येई. पातळी खालीं गेली कीं तेंच छिद्र हवा पिऊं लागे. सपाटीवर थोडे बुडबुडे चालून जात. चढावर ओढ वाढली कीं घात होई. नवी नळी बसवून घेण्यास मजुरीसह ७०० रुपये पडले. त्यानंतर मुद्दाम टाकी पाव हिश्शावर आणून गाडी चालविली. पारदर्शक नळींत एक बुडबुडा दिसला नाहीं. तेव्हांच निदान पुरें झालें असें आम्हीं मानलें. कारण उपायानें रोग जावा आणि रोगाची परिस्थिति पुन्हां आणूनहि तो परत येऊं नये, हीच निदानाची कसोटी होय.

आतां मधल्या बंधूंचें अनुमान पाहूं. बापाच्या हातीं गाडी अडली नाहीं, मुलाच्या हातीं अडली, हें खरेंच होतें. स्वतःच्या हातीं अडली नाहीं, हेंहि खरें. पण बाप महिन्याच्या महिन्यास टाकी भरून घेई. बंधूंनीं परीक्षेच्या दिवशीं कांठोकांठ भरली. मुलगा मात्र दहा-दहा लिटर घाली. जेथें पुतण्या तेथें बिघाड ही व्याप्ति खोटी. जेथें अर्धी टाकी तेथें बिघाड ही खरी. पुतण्याच्या पाठीशीं लपलेली ती उपाधि कोणास दिसली नाहीं, इतकेंच.

आणि तो दहा-दहाच लिटर कां घाली? वहींत त्याचेंहि उत्तर होतें. बंधु गेल्यावर गाडीचा खर्च कोणीं करावयाचा याचा विचार घरांत कोणाच्या मनांत आला नव्हता. घरखर्चाच्या वहींत डिझेलाचें खातें नाहीं, कारण बंधु तो खर्च स्वतः करीत. तेव्हां बंदराजवळच्या गोदामांत नोकरी करणारा हा मुलगा आपल्या पगारांतून जमेल तसें दहा लिटर घाली आणि सगळ्या घराला दवाखान्यास, लग्नामुंजीस नेऊन आणी. हिशेब ठेवी तो कोणाकडे मागण्यासाठीं नव्हे. वडिलांनीं तशी संवय लावली होती म्हणून. ज्यावर पैसे खाल्ल्याचा संशय होता तोच दोन वर्षें पदरचे पैसे घालीत होता.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मधल्या बंधूंनीं घरखर्चाची वही काढली, पुतण्याच्या वहीवरून सारी बेरीज केली आणि 'गाडीचें डिझेल' असें एक नवें खातें मांडून ती रक्कम त्याच्या आईपुढें ठेविली. ते फक्त म्हणाले, "वहिनीचे आशीर्वाद असूं द्या म्हणावें तर ती लहान, म्हणून तिनेंच हे पैसे मोजून घ्यावेत." भावजय पदर सांवरून म्हणाली, "मोजायचे कशाला? तुम्हीं मोजलेत तेवढें पुरें." दुसऱ्या दिवशीं ती नेहमींप्रमाणें ओसरीवर भाजी निवडीत बसलेली आम्हीं पाहिली.

जुनी डिझेल गाडी बाळगणाऱ्या वाचकांसाठीं दोन-चार सूचना देऊन हा लेख संपवितों. प्रथम खर्चाच्या नव्हे, सोप्या कारणापासून आरंभ करावा : झांकणाचें छिद्र, हवेची जाळी, डिझेलची गाळणी, बॅटरीचे सांधे, मग नळ्या, मग इंजेक्टर, आणि सर्वांत शेवटीं पंप. धूर असेल तर त्याचा रंग व वास लिहून ठेवावा. धूर नसणें हीहि साक्षच आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, एरव्हीं गुण कशानें आला हें कळत नाहीं. टाकी फार रिकामी ठेवूं नये. रिकाम्या जागेंतील दमट हवेचें पाणी होऊन गंज चढतो, आणि समुद्रकांठीं तर विशेषच. इंजेक्टरची नळी सैल करण्याचें काम जाणत्यानेंच करावें. तेथील फवार इतक्या दाबाची असते कीं बोट आडवें धरल्यास ती कातडी भेदून आंत शिरते, व तसें झाल्यास जखम लहान दिसली तरी त्वरित इस्पितळ गांठावें. बंद खोलींत इंजिन चालवूं नये. आणि प्रत्येक वेळीं भरलेलें डिझेल व झालेले किलोमीटर वहींत टिपून ठेवावे. आम्हांस या सर्व प्रकरणांत सर्वांत मोठें साहाय्य झालें तें त्या चार आण्यांच्या किंमतीच्या संवयीचें.

गाडीस पुढील पांच वर्षांसाठीं परिवहन कार्यालयाची नवी नोंदणी मिळावयाची आहे. तपासणींत धुराचें माप पाहतात, तें पुतण्यानें आधींच करून घेतलें आहे. पंचमीनंतर गुहागरास जाण्याचें ठरत आहे. या वेळीं आत्याबाईंनीं पुढच्या बांकावर, गाडी चालविणाऱ्याच्या शेजारीं, आपली जागा सांगून ठेविली आहे.